‘ऐच्छिक’ लिहिताना कारणही लिहा : पॅकेजेस बांधणाऱ्या सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कार्यालयांत सॉफ्टवेअरची पॅकेजेस बांधणारे, सांभाळणारे आणि ती सर्व्हरवर कोणत्या नियमांनी बसवायची हे ठरवणारे सर्व सहकारी यांस,

स. न. वि. वि.

मी महाप्यातील एका लहान कार्यालयाचे सर्व्हर सांभाळतो. आपण बांधलेली पॅकेजेस बसवणे, काढणे आणि पुन्हा बसवणे हेच माझे रोजचे काम आहे, आणि ऐरोली, रबाळे, घणसोली या पट्ट्यात असे काम करणारे माझ्यासारखे अनेक जण आहेत. हे पत्र एका मर्यादित विषयावर आहे. पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी तयार बांधलेले सॉफ्टवेअर, संगणकावर आणणारा प्रोग्राम म्हणजे पॅकेज मॅनेजर. तो एखादे सॉफ्टवेअर बसवताना त्याला लागणाऱ्या इतर गोष्टी, ज्यांना आपण सरसकट डिपेंडन्सी म्हणतो, सोबत घेऊन येतो. त्यांतल्या ज्या अपरिहार्य असतात त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या मिळाल्या नाहीत तर काम थांबते आणि ते का थांबले हेही कळते. माझे म्हणणे ऐच्छिक डिपेंडन्सी, सुचवलेली पॅकेजेस आणि प्लगइन (मूळ प्रोग्रामला जोडून त्याचे काम वाढवणारे भाग) यांच्याविषयी आहे, कारण त्या नसल्या तर काहीच थांबत नाही आणि काय राहून गेले हे बहुतेक वेळा फार उशिरा कळते.

गेल्या पावसाळ्यात ठाण्यातील एका वाचनालयाच्या जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पाने शोधता येईल अशा मजकुरात बदलून देण्याचे काम मी सुट्टीच्या दिवशी करत होतो. त्यासाठी टेसरॅक्ट हा अक्षरओळखीचा मुक्त प्रोग्राम वापरला होता. पाने मराठी होती, पण जाहिराती, औषधांची नावे आणि पत्ते यांत इंग्रजी मजकूरही बराच होता. म्हणून इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषा त्याला सांगितलेल्या होत्या. जुन्या संगणकावर हे काम नीट चालले होते. तो संगणक बदलायची वेळ आली तेव्हा मी सगळी मांडणी लिनक्सच्या डेबियन या वितरणावर आधारलेल्या कंटेनरमध्ये (बाकीच्या संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या पर्यावरणात) नव्याने उभी केली. डेबियनमधील टेसरॅक्टचे पॅकेज इंग्रजी भाषेची आणि पानाची दिशा ओळखण्याची माहिती अपरिहार्य म्हणून सोबत आणते. मराठीची माहिती वेगळ्या पॅकेजात असते. जुन्या संगणकावर ते पॅकेज केव्हातरी मीच हाताने बसवले असणार, पण माझ्या स्क्रिप्टमध्ये त्याची नोंद नव्हती. दोन भाषा सांगितल्या आणि त्यांतली एक सापडली नाही, तर टेसरॅक्ट तसे कळवतो आणि उरलेल्या भाषेवर काम पुढे नेतो. ती सूचना रात्रीच्या लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलमध्ये) गेली. सलग तीन रात्री मराठी पानांवर इंग्रजीची अक्षरओळख चालली, प्रत्येक पानाची फाइल तयार झाली आणि प्रत्येक वेळी प्रोग्राम यशस्वी म्हणून संपला. वाचनालयातील बाईंनी शोधाच्या चौकटीत एका लेखिकेचे आडनाव लिहिले, एकही पान आले नाही, आणि त्यांनी मला फोन केला, तेव्हा मी फायली उघडल्या. देवनागरीच्या ओळीओळीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक चुरा पडलेला होता.

चूक माझी होती. लॉग न पाहता मी काम पूर्ण झाले असे धरले. परंतु त्यानंतर मी स्वतःला विचारले की बसवण्याच्या क्षणापासून त्या फोनपर्यंत, ‘मराठीची माहिती येथे नाही आणि म्हणून मराठी पाने वाचली जाणार नाहीत’ हे वाक्य मला कोणी, कोठे सांगायला हवे होते. पॅकेजाने ते सांगितले नाही, पॅकेज मॅनेजरने सांगितले नाही, आणि प्रोग्रामने ते अशा जागी सांगितले की जेथे रात्री कोणी पाहत नाही. एखादी गोष्ट ऐच्छिक आहे असे म्हणताना ती इच्छा कोणाची तरी असायला हवी. माझ्या बाबतीत मी काही निवडले आहे हेच मला ठाऊक नव्हते.

पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. डेबियनमध्ये अपरिहार्य डिपेंडन्सीखाली दोन पायऱ्या आहेत. ‘रेकमेंड्स’ म्हणजे अपवादात्मक मांडणी सोडली तर सोबत असायलाच हवे असे पॅकेज, आणि ‘सजेस्ट्स’ म्हणजे असले तर उपयोग वाढतो, पण नसले तरी काही वावगे नाही असे पॅकेज. पायथनमध्ये ऐच्छिक डिपेंडन्सी ‘एक्स्ट्रा’ या नावाच्या गटात असतात आणि पॅकेजाच्या नावापुढे चौकटी कंसात त्या गटाचे नाव लिहून मागितल्याशिवाय त्या येत नाहीत. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज मॅनेजरमधील ऐच्छिक डिपेंडन्सी याच्या अगदी उलट वागते: तिला आणण्याचा प्रयत्न आपोआप होतो, फक्त तो फसला तर बाकीचे काम अडत नाही. मॅकवर फायलींतील बदलांवर लक्ष ठेवणारे ‘एफएसइव्हेंट्स’ हे पॅकेज लिनक्सवर बसू शकत नाही, अशा प्रकरणांसाठी ती सोय आहे. जावाच्या मेव्हन या बांधणी-साधनात ‘ऑप्शनल’ लिहिले तर त्याचा अर्थ असा की मला स्वतःला हे लागते, पण माझ्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या माथी ते मारू नका. म्हणजे एनपीएममध्ये हा शब्द यंत्राला उद्देशून आहे, पायथनमध्ये वापरणाऱ्याला आणि मेव्हनमध्ये पुढच्या पॅकेजकर्त्याला. आपल्याकडे एकच माणूस सकाळी जावास्क्रिप्टचे आणि दुपारी पायथनचे पॅकेज बांधतो. त्याने एका ठिकाणचा अर्थ दुसरीकडे नेला तर त्याला दोष कसा द्यायचा? हे अर्थ आता कोणी बदलू शकणार नाही. म्हणूनच केवळ ‘ऐच्छिक’ या एका शब्दावर विसंबून राहणे आपल्याला परवडणारे नाही, आणि त्या शब्दाशेजारी आणखी दोन गोष्टी लिहिल्या जाव्यात असे मला वाटते: ही डिपेंडन्सी किती महत्त्वाची आहे आणि ती नसल्यास नेमके काय चालणार नाही. पहिलीला मी पातळी म्हणतो, दुसरीला कारण.

आजच्या पॅकेज मॅनेजरांकडे या नजरेने पाहिले तर एक विचित्र वाटणी दिसते. डेबियनकडे आणि फेडोरासारख्या वितरणांच्या आरपीएमकडे पातळ्या आहेत. आरपीएमने २०१४ मधील ४.१२ या आवृत्तीत रेकमेंड्स, सजेस्ट्स आणि त्यांच्या उलट दिशेच्या दोन अशा चार सौम्य डिपेंडन्सी आणल्या. परंतु दोन्हीकडे त्या ओळीत फक्त पॅकेजांची नावे असतात; कारण लिहायला जागाच नाही. आर्च लिनक्सच्या पॅकमनकडे याच्या उलट स्थिती आहे. तेथे ऐच्छिक डिपेंडन्सीचे नाव, मग अपूर्णविराम (:) आणि मग ‘छपाईच्या सोयीसाठी’ असे छोटे कारण लिहिण्याची पद्धत आहे. पॅकेज बसवून झाले की ती यादी कारणांसह पडद्यावर येते, आणि नंतर केव्हाही पॅकेजाची माहिती मागवली तर त्यांतले कोणते बसलेले आहे हेही दिसते. मात्र तेथे पातळी नाही: ज्याच्याविना निम्मे काम अडते ते पॅकेज आणि ज्याची वर्षातून एकदा गरज पडते ते पॅकेज एकाच रांगेत उभे असतात. पीएचपीच्या कंपोझरमध्येही सुचवणीला कारण असते, पातळी नसते. एका घरात पायऱ्या आहेत आणि दिवा नाही, दुसऱ्या घरात दिवा आहे आणि पायऱ्या नाहीत.

ही उणीव लहान वाटेल, पण तिचे परिणाम आपल्या पट्ट्यातील बहुतेक डॉकरफायलींत (कंटेनर कसा बांधायचा ते लिहिलेल्या फायलींत) दिसतात. डेबियन कुळातील कंटेनर बांधताना ‘नो इन्स्टॉल रेकमेंड्स’ हा पर्याय लिहिण्याची पद्धत आता इतकी रूढ झाली आहे की नव्याने आलेली मुले तो अर्थ न विचारता उतरवून घेतात. त्यामागचा हेतू मला मान्य आहे. कंटेनरची प्रतिमा, म्हणजे ज्यापासून तो चालतो तो फायलींचा संच, लहान राहते आणि सर्व्हरवर जितकी कमी पॅकेजेस तितक्या कमी दुरुस्त्या कराव्या लागतात. परंतु रेकमेंड्स हे डेबियनमध्ये मुळातच आपोआप बसावे असे ठरलेले आहे. एपीटी या डेबियनच्या पॅकेज मॅनेजरमध्ये ही पद्धत २००९ मधील ‘लेनी’ या आवृत्तीपासून चालत आलेली आहे, आणि पॅकेज सांभाळणारी माणसे तोच भरवसा धरून एखादी गोष्ट अपरिहार्य न म्हणता रेकमेंड्समध्ये टाकतात. फायली उतरवणारे डब्ल्यूगेट आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट ही पॅकेजेस पाहा. सुरक्षित जोडणी तपासण्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे ‘सीए सर्टिफिकेट्स’ या पॅकेजात असतात, आणि ही दोन्ही पॅकेजेस त्याला अपरिहार्य न म्हणता रेकमेंड करतात. तो पर्याय लावून डब्ल्यूगेट बसवले की डब्ल्यूगेट येते, प्रमाणपत्रे येत नाहीत, आणि पहिलीच फाइल उतरवताना प्रमाणपत्र तपासता येत नाही असा एरर येतो. हा एरर पाहून माणसाने प्रमाणपत्रांचे पॅकेज बसवावे हे योग्य. पण घाईतला माणूस प्रमाणपत्र तपासूच नको असा पर्याय लिहून मोकळा होतो, आणि ती ओळ मग वर्षानुवर्षे तशीच राहते. मी अशी ओळ एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. जागा वाचवण्यासाठी सुरू केलेली गोष्ट सुरक्षिततेच्या मुळावर येते, कारण जो पर्याय बंद केला त्याच्यासोबत काय बंद झाले हे त्या क्षणी कोणी सांगितलेले नव्हते.

म्हणून नियम ठरवणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती अशी की हा पर्याय जरूर वापरा, पण तो लावल्यावर गाळली गेलेली पॅकेजेस एकदा वाचा. एपीटी ती यादी बसवण्यापूर्वी दाखवतो. त्यांतील जी हवीत ती डॉकरफाइलमध्ये नावाने लिहा आणि प्रत्येकाच्या वर टिप्पणीत एक वाक्य लिहा. रेकमेंड्स बंद करणारा माणूस पॅकेजकर्त्याचा निर्णय स्वतःच्या अंगावर घेतो, आणि घेतलेल्या निर्णयाची नोंद असायला हवी.

नोंदीचा प्रश्न पायथनमध्ये आणखी गंभीर आहे. पंडाज या माहिती-विश्लेषणाच्या लायब्ररीने २०२३ मधील २.० या आवृत्तीपासून आपल्या ऐच्छिक डिपेंडन्सींचे एक्स्ट्रा गट दिले आहेत. एक्सेलच्या फायली वाचायच्या असतील तर ‘एक्सेल’ हा गट मागायचा. पण पायथनचा पॅकेज मॅनेजर पिप याने तो बसवल्यानंतर तो गट मागितला होता ही गोष्ट कोठेही उरत नाही. बसलेल्या पॅकेजांची यादी काढली तर पंडाज दिसते आणि एक्सेल वाचणारे ओपनपायएक्सएलही दिसते, परंतु दुसरे पहिल्यासाठी आणले होते हा संबंध यादीत नसतो. वर्षभराने कोणी साफसफाई करायला घेतली की हे ओपनपायएक्सएल कोणी वापरते का असा प्रश्न पडतो, कोड शोधून त्याचे नाव कोठे सापडत नाही, कारण त्याला आपला कोड नव्हे तर पंडाज हाक मारते, आणि ते काढले जाते. त्याहून नाजूक बाब अशी की एक्स्ट्रा गटाचे नाव चुकीचे लिहिले किंवा पुढच्या आवृत्तीत लेखकाने तो गट काढून टाकला, तर पिप फक्त सूचना देतो आणि बसवणे पुढे चालू ठेवतो. स्वयंचलित बांधणीत ती सूचना कोण वाचणार? काही सांगितल्याविना एक्स्ट्रा आपोआप यावेत यासाठी २०२५ च्या जानेवारीत पेप ७७१ हा पायथनच्या सुधारणेचा प्रस्ताव मांडला गेला आहे. तो मला उपयुक्त वाटतो, कारण त्यामुळे पायथनलाही डेबियनच्या रेकमेंड्ससारखी मधली पायरी मिळेल. मात्र त्याने पातळीचा प्रश्न सुटतो. कारणाचा आणि नोंदीचा प्रश्न तसाच राहतो.

पंडाजचे एक वागणे मात्र मला सर्वांसमोर ठेवावेसे वाटते. ओपनपायएक्सएल नसताना एक्सेलची फाइल वाचायला सांगितली तर पंडाज थांबते, कोणती ऐच्छिक डिपेंडन्सी नाही ते नावानिशी सांगते आणि ती पिपने किंवा कोंडा या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरने बसवा असेही सांगते. नेमके तसेच जावास्क्रिप्टचा कोड एकत्र बांधणाऱ्या रोलअपचे. एनपीएममधील एका ज्ञात दोषामुळे, मॅकवर तयार झालेली लॉकफाइल (बसवलेल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) लिनक्सवर वापरली की त्या यंत्रासाठीचे ऐच्छिक पॅकेज कधी कधी बसतच नसे. रोलअपच्या लेखकांनी आपल्या एररमध्येच लिहून ठेवले आहे की एनपीएममध्ये ऐच्छिक डिपेंडन्सींसंबंधी दोष आहे, तेव्हा लॉकफाइल आणि नोड मॉड्यूल्सचा फोल्डर काढून पुन्हा बसवून पाहा. दोष दुसऱ्याचा असूनही त्यांनी वापरणाऱ्याला अंधारात ठेवले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. याउलट आपल्यापैकी अनेकांच्या कोडमध्ये लायब्ररी आणण्याचा प्रयत्न, तो फसला तर गप्प बसणे, आणि पुढे ती लायब्ररी नाही असे समजून वेगळ्या वाटेने जाणे, अशी चार ओळींची रचना असते. वेगळी वाट तोच निकाल थोड्या संथपणे देणार असेल तर गप्प बसणे क्षम्य आहे. निकालच बदलणार असेल, जसा माझ्या मराठी पानांचा बदलला, तर गप्प बसणे ही चूक आहे आणि तेथे प्रोग्रामने थांबायलाच हवे.

आर या संख्याशास्त्राच्या भाषेतील मंडळींनी याबाबत शिस्त लावून घेतली आहे. तेथे सजेस्ट्समध्ये लिहिलेले पॅकेज उपलब्ध आहे का हे आधी तपासूनच वापरायचे असा नियम आहे, आणि सुचवलेली पॅकेजेस मुळीच नसताना आपले पॅकेज तपासणीतून जाते का हेही क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजांच्या मुख्य भांडारात, पाहिले जाते. आपल्या कंपनीअंतर्गत पॅकेजांची चाचणी मी पाहिली तेव्हा ती नेहमी सर्व ऐच्छिक गोष्टी बसवलेल्या यंत्रावरच चाललेली होती. ज्या अवस्थेत पॅकेज वापरणाऱ्याच्या हाती जाते, त्या उघड्या अवस्थेत एकदा तरी चाचणी चालवावी, एवढीच माझी विनंती आहे.

आता भाषेचा प्रश्न, जो आपला स्वतःचा आहे. टेसरॅक्टच्या पॅकेजकर्त्याने मराठी अपरिहार्य करावी अशी माझी अपेक्षा नाही. तो शंभराहून अधिक भाषांपैकी कोणती निवडणार? मी मराठी वापरतो ही माहिती टेसरॅक्टच्या पॅकेजाकडे नसते, ती माझ्या संगणकाकडे असते. अशा वेळी नाते उलट दिशेने लिहावे लागते. आरपीएममध्ये ‘सप्लिमेंट्स’ हे नाते नेमके यासाठी आहे: ज्याला जोडायचे ते पॅकेजच सांगते की अमुक दोन गोष्टी संगणकावर असतील तर मलाही आणा. फेडोराने २०१६ मधील २४ व्या आवृत्तीपासून भाषासंच याच पद्धतीने बांधले आहेत. मराठीचे लँगपॅक एकदा बसवले की ज्या ज्या सॉफ्टवेअरच्या मराठी उपपॅकेजाने ‘मूळ सॉफ्टवेअर आणि मराठी लँगपॅक दोन्ही असतील तर मी हवे’ असे लिहून ठेवले आहे, ते ते सोबत येते. उद्या नवे सॉफ्टवेअर बसवले तर त्याचीही मराठी बाजू आपोआप येते. डेबियनमध्ये मराठीसाठी ‘टास्क’ पॅकेजेस आहेत, पण त्यांची यादी एका जागी बसून कोणाला तरी भरावी लागते, आणि नवे पॅकेज आले की ते आठवणीने जोडावे लागते. आपल्यापैकी जे देवनागरी फाँट, शब्दकोश, कीबोर्डचे आराखडे किंवा अक्षरओळखीची माहिती पॅकेज करतात, त्यांनी जेथे जेथे हे उलटे नाते लिहिण्याची सोय आहे तेथे ते लिहावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. इंग्रजी वापरणाऱ्याला जे काही न करता मिळते, ते मराठी वापरणाऱ्याने दरवेळी हाताने जमा करावे हे काही निसर्गनियमाने ठरलेले नाही. ते पॅकेजातील एका ओळीने ठरते आणि ती ओळ आपल्या हातात आहे.

सुचवणीविषयी दोन शब्द. कंपोझर पूर्वी प्रत्येक बसवणीनंतर सगळ्या सुचवण्या पडद्यावर ओतत असे. आता तो किती नव्या सुचवण्या आल्या तेवढा आकडा सांगतो आणि तपशील हवा असेल तर वेगळी आज्ञा द्यायला सांगतो. हा बदल मला योग्य वाटतो, कारण न मागता वारंवार दिसणारा मजकूर माणूस वाचणे सोडून देतो आणि मग त्यात आलेली महत्त्वाची ओळही नजरेआड जाते. तसेच ती जागा लेखकाच्या अन्य उपयोगाची नाही. २०१९ मध्ये एका जावास्क्रिप्ट पॅकेजाने बसवण्याच्या वेळी टर्मिनलवर जाहिरात दाखवण्याचा प्रयोग केला होता. तो थोड्याच दिवसांत थांबला. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला पैसा मिळायला हवा याबद्दल दुमत नाही, परंतु वापरणारा निर्णय घेत असलेल्या क्षणी त्याच्यासमोर फक्त निर्णयाला लागणारी माहिती असावी.

प्लगइनचे प्रकरण याहून पुढचे आहे, कारण तेथे सुचवणी नुसती वाचली जात नाही, ती चालते. पायथनच्या पायटेस्ट या चाचणी-साधनात ठरावीक एंट्री पॉइंट (जोडणीची जागा) जाहीर करणारे कोणतेही पॅकेज त्या पर्यावरणात नुसते बसलेले असले तरी प्लगइन म्हणून आपोआप सुरू होते. ते कोणी मागितले होते की दुसऱ्या कोणासोबत ऐच्छिक म्हणून आले, याने फरक पडत नाही. सोय म्हणून हे उत्तम आहे, पण मग ‘ऐच्छिक’ म्हणून आलेली वस्तू माझ्या चाचण्यांचे वागणे बदलू शकते. कंपोझरने डिसेंबर २०२१ मधील २.२ या आवृत्तीत याला उत्तर दिले: एखादे प्लगइन कोड चालवू पाहत असेल तर त्यावर विश्वास आहे का असे प्रथम विचारले जाते आणि उत्तर प्रकल्पाच्या फाइलमध्ये लिहून ठेवले जाते, म्हणजे पुढच्या माणसालाही ते दिसते. जावास्क्रिप्टच्याच पीएनपीएम या पॅकेज मॅनेजरच्या १० व्या आवृत्तीपासून डिपेंडन्सींच्या बसवणीच्या वेळच्या स्क्रिप्ट परवानगीशिवाय चालत नाहीत. विचारणे आणि उत्तर जपून ठेवणे, हे दोन्ही एकत्र असल्यामुळे मला या पद्धती पटतात.

शेवटी मला एका घटनेकडे लक्ष वेधायचे आहे, कारण पातळी आणि कारण यांची मला अपेक्षित असलेली जोडी तिच्या आसपासच पहिल्यांदा दिसली. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात घुसवलेले मागील दार (छुपा प्रवेशमार्ग) जगासमोर आणले; एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे प्रवेश करण्याला) नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ का लागतो हे शोधताना ते त्यांना सापडले होते. ओपनएसएसएचला एक्सझेडची लायब्ररी मुळात लागत नाही. काही वितरणांनी सेवा सुरू झाल्याचे कळवता यावे म्हणून एसएसएचच्या सर्व्हरला सिस्टीमडी या लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीची लायब्ररी जोडली होती, आणि ती लायब्ररी नोंदवहीतील दाबलेला मजकूर उघडण्यासाठी एक्सझेडची लायब्ररी सोबत आणत होती. एका छोट्या निरोपासाठी केलेल्या जोडणीतून दुसऱ्याच कामाची वस्तू सर्वांत संवेदनशील प्रोग्रामात येऊन बसली. सिस्टीमडीने अशा लायब्ररी प्रोग्राम सुरू होतानाच न उघडता गरज पडेल तेव्हाच उघडण्याचे काम त्याआधीच हाती घेतले होते आणि २०२४ मधील २५६ व्या आवृत्तीत ते आले. म्हणजे जे अपरिहार्य दिसत होते ते खऱ्या अर्थाने ऐच्छिक झाले.

पण त्यातून एक नवी अडचण उभी राहिली, आणि ती तुम्हा पॅकेज बांधणाऱ्यांना लगेच लक्षात येईल. प्रोग्रामच्या फाइलमध्ये जोडलेल्या लायब्ररींची नावे वाचून पॅकेजाच्या डिपेंडन्सी ठरवणारी साधने अशा उशिरा उघडल्या जाणाऱ्या लायब्ररी पाहूच शकत नाहीत. म्हणून त्याच प्रकल्पाने फाइलमध्येच एक टिपण ठेवण्याची पद्धत आखली: ही लायब्ररी कोणत्या सोयीसाठी, त्या सोयीचे वर्णन काय, आणि ती आवश्यक, शिफारस केलेली की केवळ सुचवलेली. पॅकेज बांधणारे साधन हे टिपण वाचून योग्य पायरी निवडू शकते, माणूसही ते वाचू शकतो. पातळी आणि कारण एकाच जागी, कोड लिहिणाऱ्याच्याच हातचे. ज्याने कोड लिहिला त्यालाच काय अडेल हे नक्की माहीत असते. ते माहीत असलेल्या माणसाकडून ते लिहून घेण्याची ही व्यवस्था आहे.

मी तुमच्याकडे मागतो ते याहून अधिक नाही. तुमच्या पॅकेजाचे स्वरूप पातळी लिहू देत नसेल तर ती वर्णनात लिहा, आणि कारण लिहू देत नसेल तर ते वाचायच्या (रीडमी) फाइलमध्ये लिहा. एक्स्ट्रा गटाचे नाव ठेवताना लायब्ररीचे नाव न ठेवता कामाचे नाव ठेवा, म्हणजे लायब्ररी उद्या बदलली तरी वापरणाऱ्याची ओळ बदलावी लागणार नाही. पंडाजने ‘एक्सेल’ म्हटले ते म्हणूनच योग्य. आणि हे कारण शक्य तेथे मराठीतही द्या. डेबियनच्या पॅकेजांची वर्णने वेगवेगळ्या भाषांत आणण्याचा प्रकल्प अनेक वर्षे चालू आहे. तेथे मराठीत काम करायला जागा आहे.

वाचनालयाची ती पाने मी पुन्हा चालवली. आता माझी स्क्रिप्ट सुरू होताच टेसरॅक्टला उपलब्ध भाषांची यादी विचारते आणि तीत मराठी नसेल तर पहिल्या पानाला हात लावण्यापूर्वी थांबते. डॉकरफाइलमध्ये मराठीच्या पॅकेजाच्या वर मी टिप्पणी लिहिली आहे: ‘हे नसेल तर एरर येणार नाही, पण मराठी पाने इंग्रजी म्हणून वाचली जातील. काढू नये.’ हे वाक्य माझ्या फाइलमध्ये असून उपयोग थोडा आहे. ते पॅकेजात असायला हवे, आणि ते तेथे नेण्यासाठी लागणारी दुरुस्ती मी तयार करत आहे. आपल्या पॅकेजांसाठी अशी वाक्ये लिहायला घेतलीत तर ती रिकाम्या यंत्रावर बसवून तपासण्याचे काम मी आनंदाने करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
महाप्यातील एका कार्यालयाचे सर्व्हर सांभाळणारा एक सहकारी
घणसोली, नवी मुंबई